दिवसातून आठ वेळा तोंड धुतोयस ते आधी थांबव

या वेळचं पत्र पुण्यातून आलंय, थोडं छोटं करून देते.

"ताई, मी 24 वर्षांचा आहे. गाव गेवराई तालुक्यात, दोन वर्षं झाली सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतोय. सकाळी साडेसहाला अभ्यासिकेत जातो ते रात्री अकराला रूमवर. दुपारनंतर झोप येते म्हणून दर दोन तासांनी उठून तोंड धुतो, सात-आठ वेळा तरी होतंच. चेहरा तेलकट आहे म्हणून प्रत्येक वेळी साबण लावतो, बोट फिरवल्यावर करकर वाजेपर्यंत. साबण चांगला आहे, ग्रेड वन, 76 टक्के टीएफएम. तरी कपाळावर आणि गालांवर पिंपल्स थांबत नाहीत. धुतल्यावर चेहरा ताणतो, नाकाच्या बाजूला पांढरी सालं निघतात आणि तासाभरात परत तेल. रूममधला मित्र म्हणतो लिंबू आणि खायचा सोडा लाव, आई गावाहून घरचं उटणं पाठवते. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली होती, ती लावली की दोन दिवसात सगळं बसतं आणि बंद केली की दुप्पट येतं, तीन महिने झाले अधूनमधून लावतोय. नेमकं किती वेळा तोंड धुवायचं आणि कशाने? इंटरव्ह्यूपर्यंत पोचलो तर या चेहऱ्याने समोर कसं बसू असं वाटतं."

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं, कारण तू चेहऱ्याची काळजी घेत नाहीयेस असं अजिबात नाहीये, उलट एवढी घेतोयस की चेहऱ्याला श्वास घ्यायला सवड नाही. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, पण स्किनच्या ओपीडीबाहेर औषधाच्या खिडकीत बरीच वर्षं काढली आहेत आणि तुझ्यासारखी पोरं तिथे रोज बघितलीत, तेव्हा जे सांगते ते नीट ऐक.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन वेळा. सकाळी एकदा, रात्री झोपायच्या आधी एकदा, सौम्य क्लीन्झरने. आणि मधे कधी घामाने निथळलास, मैदानात पळून आलास, दुपारच्या उन्हात सायकलवरून आलास, तर अजून एकदा. बाकी वेळेला साबण चेहऱ्याच्या जवळ न्यायचा नाही.

आता तू म्हणशील, मग तेलाचं काय. तर तेल तयार करणाऱ्या ज्या ग्रंथी आहेत ना त्वचेच्या आत, त्या हार्मोन्सचं ऐकतात, तुझ्या साबणाचं नाही. वयात आल्यापासून त्या जोरात असतात, कुणाच्या पंचविशीपर्यंत, कुणाच्या त्याच्या पुढेही. तू वरचं तेल दिवसातून आठदा धुऊन काढलंस तरी आतली ग्रंथी तिच्या गतीने तेल सोडतच राहणार, म्हणून तासाभरात परत चकाकी येते. म्हणजे साबणाने तेलाचा कारखाना बंद होत नाही, फक्त वरचं आवरण जातं. आणि ते आवरण तुला हवंय.

तुमच्या घरी शेणाने सारवलेली जमीन असेल किंवा आजीच्या घरी तरी बघितली असशील. ती रोज हलक्या हाताने झाडली तर वर्षानुवर्षं छान राहते. तीच जर कुणी दिवसातून आठ वेळा पाणी ओतून खराट्याने घासली तर काय होईल? सारवण निघून जाईल, खालची माती वर येईल, पोपडे सुटतील, आणि मग किती झाडलं तरी ती जमीन स्वच्छ दिसणार नाही. तुझ्या नाकाच्या बाजूला जी पांढरी सालं निघतायत ते असे पोपडेच असायची शक्यता जास्त आहे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी आणि पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ असतात, ते पाणी आत धरून ठेवतात आणि बाहेरचा त्रास बाहेर. साबण तेल आणि हे स्निग्ध पदार्थ यांच्यात फरक करत नाही, दोन्ही घेऊन जातो. (भुवयांतही सालं असतील आणि डोक्यात कोंडा असेल तर तो वेगळा त्रास असू शकतो, कोंड्याचाच भाऊ, त्याला वेगळं औषध असतं, ते डॉक्टरला दाखव.)

आणि ती करकर. ताट घासल्यावर करकर वाजलं पाहिजे, बरोबर आहे, ताट स्टीलचं आहे. चेहऱ्यावर करकर वाजली म्हणजे जे ठेवायला हवं होतं तेही गेलं. धुतल्यावर चेहरा मऊ आणि ओलसर लागला पाहिजे, ताणल्यासारखा नाही, एवढी एक खूण लक्षात ठेवलीस तरी कुठला साबण तुला सोसतो आणि कुठला नाही हे तुझं तुलाच कळेल.

धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे हात बघितलेस कधी जवळून? बोटांच्या पेरांवर चिरा, तळवा खरखरीत, हिवाळ्यात रक्त येतं. त्या हातांएवढे धुतलेले हात गावात दुसरे नसतील. 2020 मध्ये कोरोनाच्या वेळी आपण सगळेच दिवसातून वीस-वीस वेळा हात धूत होतो तेव्हा कितीतरी लोक कोरडे पडलेले, भेगाळलेले हात घेऊन आमच्याकडे आले. त्यांना कुणी असं सांगितलं नाही की हात अजून घाण आहेत, अजून धुवा. पण चेहऱ्यावर पिंपल आला की सगळं जग हेच सांगतं, तोंड नीट धूत नाहीस म्हणून. हे ऐकून ऐकून पोरं चेहरा घासत सुटतात आणि मला याचा खरंच राग येतो, कारण पिंपल घाणीने येत नाही. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी आणि तेल मिळून बूच बसतं, आत जंतू वाढतात, सूज येते. नाकावरचे काळे ठिपके असतात ना, तेही मळ नाही, ते त्या बुचाचं हवेला लागून काळं पडलेलं टोक आहे, घासून जात नाही.

आता तुझा ग्रेड वन साबण. टीएफएम म्हणजे साबणात चरबीचा अंश किती, 76 टक्के किंवा जास्त असला की तो ग्रेड वन, आणि ज्याच्यावर बाथिंग बार लिहिलेलं असतं त्यात हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत खाली चालतं. म्हणजे तू रॅपर वाचून घेतोयस, चांगली गोष्ट आहे. पण टीएफएम जास्त म्हणजे चेहऱ्याला सौम्य असं नसतं. सामान्य विज्ञानात पीएचची पट्टी तू पाठ केली असशील, सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली. आपल्या त्वचेचा पीएच पाच-साडेपाचच्या आसपास असतो, थोडी आंबट बाजू. आणि वडीचा साबण, ग्रेड कुठलाही असू दे, नऊ-दहाच्या घरात. पट्टीवर एकेक पायरी दहा पटीची असते हे तुला मी सांगायला नको, साडेपाच ते साडेनऊ म्हणजे चार पायऱ्या, दहा हजार पट. एकदा साबण लावला की त्वचेला परत जागेवर यायला काही तास लागतात. आणि तू दर दोन तासांनी लावतोयस. म्हणजे सकाळी साडेसहापासून रात्री अकरापर्यंत तुझ्या चेहऱ्याला मूळ जागी यायला वेळच मिळत नाही.

मग घ्यायचं काय? दुकानात गेलास की जाहिरात वाचू नकोस, मागची बारीक अक्षरं वाच. वडीवर 'सोडियम पामेट', 'सोडियम पाम कर्नेलेट' लिहिलंय म्हणजे तो खरा साबण, तो अंगाला ठेव. 'सोडियम कोकोइल आयसेथायोनेट' किंवा 'सोडियम लॉरॉइल आयसेथायोनेट' यादीत सगळ्यात पुढे लिहिलंय तर ती दिसते साबणासारखी पण साबण नाही, तिला सिंडेट बार म्हणतात, पीएच त्वचेच्या बराच जवळ असतो. मेडिकलमध्ये सिंडेट बार म्हणून मागितलीस तरी देतील. ती वडी सुरीने मधोमध काप, अर्धी कागदात गुंडाळून कपाटात ठेव आणि अर्धी जाळीच्या साबणदाणीत, पाणी निथळलं पाहिजे, नाहीतर आठवड्यात लगदा होतो आणि मग महाग पडते. फक्त चेहऱ्यालाच वापरलीस तर अर्धी वडीसुद्धा बरेच दिवस जाते. फेसवॉश आवडत असेल तर साधा, वास नसलेला, दाणे नसलेला घे. पोरांसाठी म्हणून जे काळे, कोळशाचे, लावल्यावर गारगार करणारे फेसवॉश असतात त्यातला गारवा मेंथॉलचा असतो, गार लागलं म्हणजे जास्त स्वच्छ झालं असं काही नाही आणि तुझ्या सोललेल्या चेहऱ्यावर तो झोंबेल.

धुवायची पद्धतही सांगते कारण तीही चुकते. आधी हात धू. मग चेहरा कोमट किंवा साध्या पाण्याने ओला कर. फेसवॉश असेल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा, वडी असेल तर ती हातावर घासून फेस हाताने लाव, वडी गालावर फिरवायची नाही. बोटांच्या टोकांनी, अर्धा मिनिट, हलक्या हाताने, डोळ्यांत गेलेलं कुसळ काढताना जेवढा जोर लावतो तेवढाच. मग भरपूर पाणी, केसांच्या कडेला आणि हनुवटीखाली साबण राहतो तिथेही. आणि टॉवेलने पुसू नकोस, टिपून घे. तो टॉवेल वेगळा ठेव, कॉट बेसिसच्या खोलीत सहा जणांचे पंचे एकाच दोरीवर ओले लटकत असतात आणि कुणाचा कोण वापरतो पत्ता नसतो, चेहऱ्यासाठी एक जुना मऊ बनियन फाडून दोन फडकी केलीस तरी चालेल, एक आड एक धुवायची, उन्हात वाळवायची.

बाथरूमला बोअरचं पाणी येत असेल तर तेही लक्षात घे. जड पाण्यात क्षार असतात, त्यात साबणाचा फेस होत नाही आणि बादलीच्या कडेला जी पांढरी साय जमते तीच चेहऱ्यावरही पातळ बसते. सिंडेटला हा त्रास फारसा होत नाही, हा तिचा अजून एक फायदा. शेवटचा एक तांब्या प्यायच्या पाण्याचा घेता आला तर घे, नाहीतर राहू दे.

धुतल्यावर चेहरा किंचित ओला असतानाच मॉइश्चरायझर. हे वाचून तेलकट चेहऱ्याची सगळी पोरं दचकतात. अरे, तुझ्या चेहऱ्यावर तेल आहे पण पाणी नाही, ताणतो तो त्याच्यामुळे. हलका, जेलसारखा, ट्यूबवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेला घे, म्हणजे छिद्रं बुजवत नाही असा. गावाहून आणलेलं खोबरेल चेहऱ्याला लावू नकोस आणि डोक्याला लावलंस तर कपाळावर उतरू देऊ नकोस, कपाळावरचे पिंपल्स बऱ्याच पोरांचे तिथूनच सुरू होतात, रात्री चप्प तेल लावून झोपायचं आणि तीच उशी महिनाभर. उशीचा अभ्रा दर आठवड्याला बदल.

लिंबू आणि सोडा, नको. लिंबाचा पीएच दोनच्या जवळपास, खायच्या सोड्याचा आठच्या वर, म्हणजे एक इकडून ओढणार एक तिकडून. आणि लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येऊन काळे डाग राहतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. मित्राचा हेतू चांगला आहे, पण हे ऐकू नकोस.

आईचं उटणं मात्र टाकून देऊ नकोस. त्यात ती आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी घालत असेल, मुलतानी माती घालत असेल, तुझ्यासाठी बसून चाळलं असेल. फक्त आपल्याकडे उटण्याची रीत काय आहे ती आठव. दिवाळीत अभ्यंगस्नानाला आधी काय लावतात? तेल. आई रगडून रगडून तेल लावते, ते अंगात जिरतं आणि मग वरून उटणं. उटणं ते जास्तीचं तेल उचलून घेतं. तेलाशिवाय कोरडं उटणं रोज चेहऱ्याला घासायचं असं आपल्या आज्यांनी कधी सांगितलेलं नाही. आत्ता तुझी त्वचा झोंबतेय तेव्हा दीड-दोन महिने ते डब्यात राहू दे, झाकण घट्ट लावून. चेहरा शांत झाला की आठवड्यातून एकदा दुधात भिजवून लाव, वाळून कडक व्हायच्या आत धू, घासू नकोस. आईला फोनवर सांग की वापरतोय, अंगाला लावलंस तर खोटंही होणार नाही.

आता ती ट्यूब. इथे मी जरा कडक बोलणार आहे. लावली की दोन दिवसात बसतं आणि सोडली की दुप्पट, हे वर्णन मी खिडकीत इतक्या वेळा ऐकलंय की तू नाव लिहिलं नसलंस तरी तिच्यात स्टेरॉइड असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. आज रात्री ट्यूब उजेडात धर आणि बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, यातलं एखादं नाव दिसेल, कदाचित सोबत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन किंवा एखादं बुरशीचं औषधही. स्टेरॉइड वाईट औषध नाही, एक्झिमाला, सोरायसिसला डॉक्टर मोजून देतात. पण चेहऱ्यावर, पिंपलवर, आपल्या मनाने महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, लाल होते, बारीक शिरा दिसायला लागतात, उन्हात गेलं की आग होते आणि पिंपल्स त्या औषधामुळेच येत राहतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा बऱ्याच क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत. तरी मिळतात. मी स्वतः या धंद्यातली आहे आणि मला याची लाज वाटते.

ती परत लावू नकोस. पण हेही सांगते, सोडल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, चेहरा भडकतो, तू घाबरशील आणि परत त्याच दुकानात जावंसं वाटेल. म्हणून एकट्याने झुंजू नकोस, दोन-चार दिवसात स्किनच्या डॉक्टरकडे जा. पैशाची अडचण असेल तर ससूनला, म्हणजे पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात जा, केसपेपरला फार पैसे लागत नाहीत. तिथे किंवा कुठेही दारावर 'त्वचा व गुप्तरोग' अशी पाटी दिसेल, ती बघून पोरं जिन्यातूनच परत जातात, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. तू जाऊ नकोस परत. आत अर्धे लोक खरूज, गजकर्ण आणि पिंपल्सवालेच असतात. ट्यूब खोक्यासकट सोबत ने आणि तीन महिने लावली हे खरं सांग, लपवलंस तर डॉक्टरचा अंदाज चुकेल. पिंपलचं औषध तेच ठरवतील. बेंझॉइल पेरॉक्साइड दिलं तर एवढं लक्षात ठेव की त्याने टॉवेल, उशी, रंगीत शर्ट यांचा रंग उडतो, आणि कुठलंही औषध असू दे, सहा-आठ आठवडे धीर धरावा लागतो. दोन दिवसात बसवणारं औषध काय करतं ते तू बघितलंच आहेस.

राहिली झोप. खरं तर तुझ्या तोंड धुण्याचं मूळ तिथे आहे, तेलात नाही. गार पाण्याने जाग येते हे खरं आहे, पण जाग पाण्याने येते, साबणाने नाही. तर दुपारी डोळे मिटायला लागले की उठ, नुसत्या पाण्याचे दोन हबके डोळ्यांवर मार, मानेला आणि मनगटाला पाणी लाव, जिना उतरून एक चक्कर मारून ये. असं दिवसातून दोनदा केलंस तर चेहऱ्याचं काही बिघडत नाही. पण आठ वेळा करावं लागत असेल तर मला विचारायचंय की तू रात्री झोपतोस किती. अकराला रूमवर, मग मेसचा डबा, मग मोबाइल, एक वाजत असेल, आणि साडेसहाला परत खुर्चीत. दुपारी जेवल्यावर डोकं टेबलावर ठेवून वीस मिनिटं अलार्म लावून झोप, अभ्यासिकेत सगळेच झोपतात, कुणी काही म्हणत नाही.

दाढीचंही थोडं. चेहरा झोंबतोय तोवर रोज गुळगुळीत दाढी नको, ट्रिमर चालव. तुरटी आणि आफ्टरशेव्ह दोन्ही सध्या बंद. आणि पिंपल फोडू नकोस, वाचताना नकळत हात जातो ना गालावर, तो. त्या हातात पेन धर.

डॉक्टरकडे जाऊन आलास की काय म्हणाले ते कळव. आणि आजची तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव, सहा आठवड्यांनी तोंड धुतल्यावर अजून ताणतंय का तेवढं मला लिही.